तिसरा रकाना

अनंत म्हसे यांना कुणी समोरून भेटलेलं चालत नसे. रस्त्यात हाक मारली की ते थांबत, आपल्याला पुढे जाऊ देत, चार पावलं मागून बघत आणि मग बरोबर चालायला येत. "कसं काय, सर?" हा प्रश्न ते माझ्या टाचांना विचारतात, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. पुढे कळलं की उत्तर त्यांना टाचांकडूनच आधी मिळालेलं असे. तोंडाने विचारणं हा नुसता शिष्टाचार.

कर्जतमध्ये त्यांना सगळे अण्णा म्हणत. साजगावच्या बाजूला लोखंडी सळ्या ओढणारा एक कारखाना होता, तिथे त्यांची एकतीस वर्षं सेफ्टी खात्यात गेली. खातं म्हणजे एक टेबल, एक साहेब आणि अण्णा. साहेब बदलत राहिले. गेटवर हिरवा फलक होता, त्यावर 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेलं आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे. रोज सकाळी शिडी लावून आकडा बदलायचा, हे अण्णांचं काम.

एकदा तो आकडा हजारावर येणार होता. मुंबईहून मोठे साहेब यायचे ठरले. मांडव पडला, बँड ठरला, भाषण छापून आलं, आणि आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीत एका कामगाराची दोन बोटं गेली. मॅनेजरनी अण्णांना बोलावून समजावलं की बोटं म्हणजे काही अपघात नव्हे, ती किरकोळ इजा. अण्णा 'बरं' म्हणाले. सकाळी पाहुण्यांची गाडी गेटातून आत वळली, बँड सुरू झाला, आणि सगळ्यांनी वर पाहिलं तर फलकावर एकच शून्य लटकत होतं.

"येवढ्या मोठ्या बोर्डावर एकटं शून्य लय शोभत होतं, सर," अण्णा सांगत. त्यानंतर दोन वर्षं त्यांना स्टोअरमध्ये पोती मोजायला बसवलं. त्याबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. "पोती बरी. ती कामावर येताना घरचं भांडन घेऊन येत नायत."

निवृत्तीनंतर नाशिकच्या मुलीने त्यांना भला मोठा टीव्ही घेऊन दिला. त्यावर चॅनेल फिरवताना एका जुलैत त्यांना युरोपातली तीन आठवडे चालणारी ती सायकल शर्यत सापडली. शे-दीडशे पगारी सायकलवाले रोज शंभर-दोनशे किलोमीटर जातात, डोंगर चढतात, आणि उताराला मोटारीच्या वेगाने सुटतात. अण्णांनी ते खेळ म्हणून पाहिलंच नाही. "डोक्यावरचं टोपडं सोडलं तर अंगावर काय नाय. बोर घाटात आपला ट्रकवाला तरी पत्र्याच्या आत असतो," असं म्हणून ते पहिल्या दिवशी तीन तास जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं.

आम्ही म्हणजे तिघंच. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला मी. प्राथमिक शाळेच्या शैलाबाई. आणि भाताची गिरणी, चार एकर शेती आणि गावभर ऐकू जाणारा आवाज यांचे मालक भोईर. भोईर पन्नाशीचे होते, आणि चहा गार असल्यापासून देश बिघडल्यापर्यंत सगळ्याला एकाच पट्टीत शिव्या घालत.

तीन संध्याकाळी नुसतं बघून कंटाळा आला, तेव्हा अण्णांनी अंदाजाची स्पर्धा काढली. पैसे नाहीत, गुणच. टप्पा सुरू होताना प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन रकाने भरून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे: आज पहिला कोण, एकूण शर्यतीत पुढे असणाऱ्याचा पिवळा सदरा कुणाच्या अंगावर राहील, आणि तिसरा रकाना अण्णांचा स्वतःचा, आज शर्यत कोण सोडणार. चिठ्ठी डब्यात पडली की तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ज्याचे गुण जास्त, त्याने अण्णांचा कारखान्यातला पिवळा रेनकोट घालून घरी जायचं. ज्याचे कमी, त्याने दुसऱ्या दिवशी वडापाव आणायचे. पहिल्या वर्षी बहुतेक दिवस वडापाव भोईरांनीच आणले.

ती नावं आम्हा कुणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. एक लांब्या होता, एक दाढी होता, सरळ पाठीने चालवणारा एक पोस्टमन होता. ज्याच्यासाठी बाकीचे वारा अडवतात, पाणी आणतात, वेळ आली तर आपलं चाक काढून देतात, त्याचं नाव शैलाबाईंनी जावईबुवा ठेवलं. परदेशी समालोचक अर्धा तास जे समजावत होता ते आम्हाला एका शब्दात कळलं.

चिठ्ठ्या उघडण्याचं काम बाईंकडे होतं. निवडणुकीच्या ड्यूट्या करकरून त्यांच्या अंगात मतदान केंद्र मुरलं होतं. डबा उघडण्याआधी त्या तो सगळ्यांना चारी बाजूंनी दाखवत. भोईर तरी भांडतच.

"बाय, मी दाढी लिवलंय. तुमी लांब्या वाचताय!"

"तुमच्या अक्षरात दोघं सारखेच दिसतात, भोईर."

"मग परत इलेक्शन घ्या!"

हे रोजचं झालं, तेव्हा एक नियम करावा लागला: बाई वाचतील ते अंतिम. त्यावर अपील नाही. नियमाखाली चौघांनी सह्या केल्या, भोईरांनी मुद्दाम इंग्रजीत.

पहिल्या दोन रकान्यांत अण्णा आमच्यासारखेच कच्चे. तिसऱ्यात मात्र ते चुकत नसत, असं भोईर सांगत फिरत. मी मोजून पाहिलं होतं. ते चुकत. पण पाचातले तीन ते बरोबर सांगत, आणि आम्ही तिघं मिळून तीन वर्षांत दोन. अण्णा टीव्हीचा आवाज बंद करून घोळक्याचं शेपूट बघत बसत. "पुढचे समदे सारखे दिसतात," ते म्हणत. "मानूस मागून कळतो."

दुसऱ्या वर्षी एका टप्प्याला त्यांनी तिसऱ्या रकान्यात चक्क जावईबुवांचं नाव टाकलं. गडी सगळ्यांत पुढे होता, कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. भोईरांनी चिठ्ठी लिहितानाच डोकावून पाहिलं आणि पोट धरून हसून घेतलं. त्या संध्याकाळी सपाट, सरळ, कोरड्या रस्त्यावर जावईबुवा सायकलवरून खाली आले, कडेच्या गवतात बसले आणि हातमोज्यात तोंड खुपसून रडू लागले. पडले नव्हते, कुणी धक्का दिला नव्हता. अण्णांच्या बायकोने, काकूंनी, स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं बाई?"

"अण्णा," भोईर म्हणाले, "तुमची नजर लागली रं त्याला."

"मधे येवढा समुद्र हाय, भोईर. नजरेला पोचायला बोट लागंल."

"मग कळला कसा तुमाला?"

"दोन दिस त्यानं कुरकुर केली नाय. काल पानी आनून देनाऱ्याला हात जोडून धन्यवाद म्हनाला. जावई कधी धन्यवाद म्हनतो का?" अण्णा टीव्हीकडेच बघत होते. "जोवर मानूस तक्रार करतो तोवर त्याला पुढं जायचं असतं. तो गोड झाला की मी घाबरतो."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. आयुष्यभर पुस्तकांच्या सहवासात राहिलो. भविष्यवाल्यांची पुस्तकं धर्माच्या शेजारी लावू नयेत म्हणून एकदा प्राचार्यांशी वाद घातला होता. अण्णांच्यात चमत्कार नव्हता. एकतीस वर्षं सकाळच्या पाळीला गेटातून आत जाणारी माणसं ज्याने शिडीवरून पाहिली, त्याला थकलेला माणूस ओळखू येणार. हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं. मग मी सहज विचारलं, की मग कारखान्यात कुणाला आधी सांगितलंत की नाही?

"एकदाच," ते म्हणाले.

काशिनाथ नावाचा माणूस सळ्यांच्या लायनीवर होता. एक दिवस सकाळी अण्णांनी त्याला गेटातच थांबवलं आणि सांगितलं, आज घरी जा. काशिनाथ अण्णांना मानायचा. तो परत गेला. त्याच्या जागी दुसरा उभा केला गेला. अकराच्या सुमारास तापून लाल झालेली सळई वाटेतून उसळली आणि त्या दुसऱ्याच्या मांडीतून गेली.

"सळईला मानूस लागतो, सर. एकाला हलवला की ती दुसऱ्याला घेते. तवापासून आमी कुनाला सांगत नाय."

मी त्यांना समजावलं. सळई उसळली ती यंत्राच्या दोषाने. काशिनाथ असता तरी उसळलीच असती. कारण आणि योगायोग यांत फरक आहे. बँकेतला माणूस नवी योजना समजावताना आपण जसं ऐकतो तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर हाय. पन तो दुसरा माझ्या सांगन्यानं तितं उभा व्हता."



तिसऱ्या वर्षीचा पहिला आठवडा नेहमीसारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात भोईरांचा आवाज उतरला. आम्हाला ते आधी कळलंच नाही, कारण शांतता ही गैरसोय वाटत नाही. त्यांनी वडापाव आणले आणि स्वतः घेतला नाही. म्हणाले, पित्त झालंय. बाईंनी त्यांची चिठ्ठी वाचली, तर म्हणाले, "तुमचं बरोबर हाय, बाय." शैलाबाई खूश झाल्या. जाताना मला म्हणाल्या, "बघा, तीन वर्षांनी का होईना, माणसाळले." मीही हसलो.

अण्णांची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर असे. त्या आठवड्यात ती थोडी तिरकी झाली, मग आणखी. शनिवारपर्यंत अशी झाली होती की टीव्ही बघायचा तर त्यांना मान वळवावी लागे, आणि ते मान वळवत नव्हते. समोर टीव्ही बघत बसलेल्या भोईरांची पाठ असे.

रविवारी टप्पा डोंगराचा होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता, टीव्हीत ऊन होतं. चिठ्ठ्या पडल्या. अण्णांनी आपली चिठ्ठी नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरली, टाकली, आणि डब्याचं झाकण स्वतः दाबून बसवलं. टप्पा संपला, बाईंनी डबा चारी बाजूंनी दाखवला.

"अण्णांची. पहिला पोस्टमन, चूक. पिवळा जावईबुवा, बरोबर. तिसरा..."

बाई थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. अण्णा त्यांच्याकडे सरळ तोंडावर बघत होते. मी त्यांना कुणाकडे असं समोरून बघताना पहिल्यांदाच पाहिलं.

"काय झालं बाय, अक्षर लागत नाय का? माझी नाय ना चिठ्ठी?" भोईर हळू आवाजात म्हणाले.

"कोरा आहे," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती पर्समध्ये टाकली.

"तिसरा रकाना कोरा? तुमचा?" मी विचारलं.

अण्णांनी डोळे खाली केले. "बाईंनी वाचलं ते अंतिम," ते म्हणाले.

भोईर निघाले. एरवी ते चालता चालता चपलांत पाय खुपसत आणि अंगणातून शेवटचा टोमणा मारत. त्या दिवशी पायरीवर बसले, एकेक चप्पल हाताने ओढून घातली. अण्णा त्यांच्यामागे दारात जाऊन उभे राहिले.

"भोईर, उद्या शर्यतीला सुट्टी हाय."

"ठाव हाय. उद्या खालच्या तुकड्यातली लावनी उरकून टाकतो."

"उद्या नको. परवा कर."

"परवा मानसं भेटायची नायत, अण्णा. का?"

अण्णांचं तोंड उघडलं होतं. मी खिडकीशी होतो, मला दिसत होतं. "काय नाय," ते म्हणाले. "पाऊस हाय म्हनून."

"पावसात नाय तर काय उन्हात लावू? बरं येतो. काकू, चहा छान झाला होता."

भोईर जाईपर्यंत अण्णा पायरीवर उभे राहिले.

सोमवारी दुपारी शैलाबाई शाळेतून थेट माझ्याकडे आल्या. पर्समधून चिठ्ठी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. तिसऱ्या रकान्यात अण्णांच्या ठळक, कारखान्याच्या फलकासारख्या अक्षरात लिहिलं होतं: भोईर.

"मला वाटलं थट्टा आहे," बाई म्हणाल्या. "घाणेरडी थट्टा. आणि समोर माणूस बसलेला. कसं वाचू हो मी?"

"तुम्ही योग्य तेच केलंत."

"पण रात्रभर मला वाटतंय की ती मी वाचावी म्हणूनच त्यांनी लिहिली. त्यांना स्वतःला बोलायचं नव्हतं. डब्याने बोलावं असं त्यांना वाटत होतं."

आता मागे वळून पाहताना मला इतकंच सांगता येतं, की त्या वेळी दुपारचे दीड वाजले होते आणि भोईरांचं शेत रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं. मी बाईंना बसवलं, पाणी दिलं आणि अंधश्रद्धेवर बरंच नीटनेटकं बोललो. अण्णांचा अंदाज पाचात दोनदा चुकतो हेही सांगितलं. एखाद्याच्या शेतात जाऊन 'तुमच्यावर चिठ्ठी निघाली आहे' असं सांगणं किती हास्यास्पद दिसेल, हे पटवून दिलं. संध्याकाळी अण्णांनाच जाऊन विचारू, असं ठरलं. बाई निर्धास्त होऊन गेल्या. मला बोलता चांगलं येतं.

भोईर तीनच्या सुमारास बांधावर टेकले आणि सुनेला म्हणाले, जरा चहा आण गं. ती चहा घेऊन आली तेव्हा ते बसलेलेच होते. तिला वाटलं, पेंगतायत.

स्मशानात अण्णा सगळ्यांच्या पुढे उभे होते. दहाव्यानंतर एकदा त्यांची आणि शैलाबाईंची माझ्यासमोर गाठ पडली. अण्णांनी विचारलं, "का नाय वाचलंत, बाई?" बाई म्हणाल्या, "तुम्ही का नाही बोललात, अण्णा?" ती शर्यत कोण जिंकलं हे मी पुढे वर्तमानपत्रात वाचलं. आतल्या पानावर दोन ओळी होत्या.

त्यानंतर अण्णा बोलू लागले. इतकी वर्षं आवरून धरलेलं सगळं एकदम सुटावं तसं. औषधाच्या दुकानदाराला म्हणाले, उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढ. शाळेच्या शिपायाला म्हणाले, आठ दिवस शिडीवर चढू नको. एक किराणावाला खरोखर पनवेलला जाऊन तपासून आला. त्याच्या हृदयाच्या दोन नळ्या तुंबलेल्या निघाल्या आणि वेळेत मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून त्याने अण्णांशी बोलणं टाकलं. बाकी बहुतेकांना काहीच झालं नाही. तेही बोलेनासे झाले.

चिठ्ठीची गोष्ट कशी कुणास ठाऊक, गावभर झाली होती. रस्त्याने अण्णांच्या पुढे चालायला कुणी तयार होईना. माणसं थबकत, कडेला होत, हसून म्हणत, "अण्णा, तुमी व्हा पुढं." रेशनच्या रांगेत त्यांना सगळ्यांत आधी उभं करत. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, काय मान आहे या म्हाताऱ्याला. काकू मला म्हणाल्या, "घरात मी भिंतीला पाठ लावून बसते, सर. ते काय बोलत नाहीत मला. म्हणून जास्त भ्या वाटतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गणपती उठल्यानंतर, एस.टी. स्टँडवर. मला खोपोलीला एका ओळखीच्यांकडे जायचं होतं. बसमध्ये बसलो होतो, निघायची वेळ झाली होती, आणि ड्रायव्हर त्याच्या बाजूच्या दारापाशी अडकला होता. दाराला हात लावून अण्णा उभे होते.

"आज गाडी काढू नको रं."

"का? तुमी कोन?"

"मी कोन नाय. उद्या काढ. आज घरी जा."

"ओ बाबा, सरका की! ड्यूटी हाय माझी. घरी गेलो तर दुसरा काढंल गाडी."

अण्णांचा हात दारावर तसाच राहिला. चेहरा मात्र, कुणी पोटात मारावं तसा झाला.

"दुसरा नको," ते म्हणाले. "दुसरा पन नको. कुनीच नको काढू."

बसमधून आरडाओरडा सुरू झाला. "ओ काका, कामावर जायचंय!" "प्यालाय का म्हातारा?" एक बाई म्हणाली, "अगं, हे तेच ते," आणि तिने पदराने मुलाचं तोंड झाकलं. मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. कंडक्टर समजूतदार होता. त्याने अण्णांना दंडाला धरून हलकेच खांबापाशी नेऊन उभं केलं, वर त्यांची छत्री त्यांच्या हातात दिली. ड्रायव्हर चढला. घंटी वाजली.

बस मागे सरकू लागली तेव्हा मी वर्तमानपत्र खाली केलं. अण्णा एकेक खिडकी बघत येत होते, मागच्यापासून, घाई न करता. माझ्या खिडकीशी आले आणि थांबले. त्यांनी मला ओळखलं. हात वर केला नाही, हाक मारली नाही. फक्त बघितलं, समोरून, आणि मग पुढची खिडकी न बघता मान खाली घातली. पंधरा दिवसांनी मुलगी येऊन दोघांना नाशिकला घेऊन गेली.

ती बस खोपोलीला वेळेवर आणि सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर तीच गाडी घेऊन ठणठणीत परत आला. हे मला स्टँडवर चौकशी करून समजलं, कारण मी स्वतः पहिल्याच थांब्यावर, कर्जतच्या चारफाट्यालाच, उतरलो होतो.